लक्ष कुठंय तुझं?

एका रविवारी सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मी स्वतःचंच बोलणं मोजलं. ‘लक्ष दे’, ‘लक्ष कुठंय तुझं?’, ‘जरा भानावर ये’, ‘दूध सांडेल, इकडे बघ’ अशी वाक्यं मुलीला उद्देशून अकरा वेळा तोंडातून गेली. मुलगी सात वर्षांची आहे. त्या अकरा वेळांत लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. सायकल शिकवताना आपण सीट धरून मागे पळतो. पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरतो. लक्ष द्यायला शिकवताना मात्र काठावर उभं राहून नुसतं ओरडतो.

या शिकवण्याला हल्ली ‘माइंडफुलनेस’ म्हणतात आणि त्याची शिबिरं, अ‍ॅप, कार्यशाळा जोरात आहेत. शब्द इंग्रजी असला तरी त्याचं माहेर इकडचंच. पालीचे अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात ‘सति’साठी हा शब्द वापरला. सति म्हणजे आपली स्मृती. पण इथे ती मागच्या गोष्टींची आठवण नाही. आत्ता काय चाललं आहे, याची आठवण ठेवणं, असा तिचा अर्थ. पुढे 1979 मध्ये जॉन कबाट-झिन या मूळच्या रेणुजीवशास्त्रज्ञाने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. धर्माचा भाग त्याने बाजूला ठेवला आणि सराव तेवढा घेतला. दवाखान्यातून तो कंपन्यांत गेला, शाळांत गेला आणि फिरून आपल्या दारात आला.

मराठीत त्याला ‘सजगता’ म्हणायची पद्धत पडली आहे. शब्द चांगला आहे, पण पहिलीतल्या मुलाला ‘सजग हो’ सांगून बघा. त्यापेक्षा ‘भान’ घरचा आहे. आपल्याला वेळेचं भान असतं, समोरच्याचं भान असतं, कधी ते हरपतं, मग माणूस भानावर येतो. ‘अवधान’ हाही आपला जुना शब्द. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान सोडून दुसरं काहीच मागत नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुंग्यांची रांग बघत उकिडव्या बसलेल्या मुलाचं लक्ष नसतं असं नाही, आपल्याकडे नसतं इतकंच. तंद्री लागणं ही मुलांची ताकद आहे आणि ती मोडण्यात आपण पटाईत असतो. मग शिकवायचं काय? लक्ष भरकटलं की ते भरकटल्याचं आपलं आपल्याला कळणं, आणि स्वतःवर न चिडता ते परत आणणं, बस एवढंच. मन अजिबात भटकू नये अशी अट या विद्येत कुठेही नाही.

मुलांना शांत बसायला शिकवण्याचा सगळ्यात सुंदर प्रसंग कुठल्या ध्यानकेंद्रातला नाही, बालवाडीतला आहे. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी मारिया माँटेसरी यांनी ‘कासा देई बांबिनी’ म्हणजे बालगृह सुरू केलं. एके दिवशी अंगणात एक बाई चार महिन्यांचं बाळ घेऊन उभी होती. घट्ट गुंडाळलेलं, शांत. माँटेसरींनी ते तिच्याकडून घेतलं, वर्गात नेलं आणि मुलांना जवळजवळ थट्टेनेच म्हणाल्या की बघा, हे किती गप्प आहे, तुमच्यातल्या कुणाला इतकं गप्प राहता येणार नाही. मुलांनी पाय जुळवले. मग त्यांनी बाळाच्या श्वासाकडे बोट दाखवलं, किती हलका चाललाय. मुलं आपलाही श्वास हळू करू लागली. वर्गात अशी शांतता झाली की एरवी कधी ऐकू न येणारी घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. त्यातून ‘शांततेचा खेळ’ तयार झाला. सगळे गप्प बसतात, बाई दूर जाऊन कुजबुजत्या आवाजात एकेकाचं नाव घेतात, आणि ज्याचं नाव येईल त्याने खुर्ची न वाजवता, पाय न घासता त्यांच्यापाशी जायचं.

हा खेळ आपल्याकडेही आला आणि इथे त्याची फजिती झाल्याची नोंदही आहे. गिजुभाई बधेका हे भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेतले शिक्षक. ताराबाई मोडक यांच्यासोबत 1926 मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गोष्टीरूप पुस्तकातले लक्ष्मीराम मास्तर मोठ्या उमेदीने चौथीचा वर्ग घेतात आणि पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ मांडतात. दारं-खिडक्या लावून घेतात. पोरं काय करतात? कुणी आवाज काढतं, कुणी टाळ्या पिटतं, कुणी हसतं. मास्तरांची पार दाणादाण उडते. मग ते शहाणे होतात आणि गोष्ट सांगायला लागतात. गोष्टीने वर्ग बांधला जातो, आणि मास्तरांवर मुलांचा जीव जडल्यावर बाकीचं सगळं मागून येतं.

दोन्ही ठिकाणी खेळ तोच होता. रोममध्ये मुलांना कुतूहल वाटलं, शांतता त्यांनी स्वतः तयार केली. चौथीच्या वर्गात ती वरून लादली गेली, तीही अनोळखी माणसाकडून. मला तर वाटतं, या विषयावर पुढे झालेल्या पुष्कळशा संशोधनाचं सार लक्ष्मीराम मास्तरांच्या त्या फजितीत आहे.

या संशोधनातला एक मोठा प्रयोग ब्रिटनमधला. 2022 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. 85 शाळा, 11 वर्षांच्या पुढची 8 हजारांहून जास्त मुलं. काही शाळांत शिक्षकांनी आधी स्वतः प्रशिक्षण घेऊन मुलांना माइंडफुलनेसचे दहा तास शिकवले, बाकीच्या शाळांत नेहमीचाच अभ्यासक्रम चालला. वर्षभरानंतर दोन्हीकडच्या मुलांच्या मानसिक आरोग्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. आधीपासूनच त्रासात असलेल्या मुलांना त्याने थोडा अपायही होत असावा, अशी शंका अभ्यासकांनी मोकळेपणाने नोंदवली. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झालेला दिसला.

‘म्हणजे हे सगळं थोतांड’ असा निकाल यावरून देता येत नाही. पण वेळापत्रकात आणखी एक तास घुसवला की काम झालं, हा भ्रम फिटायला हरकत नाही. माझा स्वतःचा असाच फिटला. फोनवर कुठलंसं ध्यान लावून मी मुलीला मांडी घालून, डोळे मिटून बसवलं होतं. पाऊण मिनिटाने तिने एक डोळा किलकिला करून विचारलं, ‘आई, संपलं का? पाय खाजतोय.’ मी म्हणाले, ‘गप्प बस, शांत व्हायचंय आपल्याला.’ हे वाक्य मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज शांत नव्हता.

शरीरात काय घडतं ते एकदा समजून घेतलं की या विषयावरचं गूढतेचं धुकं निवळतं. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची चेतातंतूंची जोडी यात लगामाचं काम करते. म्हणून उच्छ्वास लांबला की लगाम जरा जास्त वेळ ओढलेला राहतो. दुसरी गोष्ट मेंदूची. कपाळामागचा जो भाग ‘थांब, विचार कर’ म्हणतो, त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालूच असते. सहा वर्षांच्या पोराने रागाच्या भरात फेकलेला डबा हा बऱ्याच अंशी अपुऱ्या बांधकामाचा परिणाम असतो.

त्यामुळे आकांडतांडव चालू असताना ‘दीर्घ श्वास घे, दीर्घ श्वास घे’ करण्यात अर्थ नाही. ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं आहे. विहीर निवांत वेळी खणायची. आमच्याकडे ती रात्रीच्या दुधाच्या पेल्यात खणली गेली. गरम दुधावर फुंकर घालायची, पण साय फाटता कामा नये, नुसती थरथरली पाहिजे. एवढी बारीक फुंकर घालायची तर श्वास लांब आणि सावकाश सोडावाच लागतो. त्याला श्वसनाचा व्यायाम वगैरे नाव द्यायची गरज पडली नाही. मोठ्यांच्या पुस्तकातले आकडे, इतके मोजून आत, इतके मोजून बाहेर, मुलांवर लादू नयेत. त्यांचा श्वास मुळातच आपल्यापेक्षा जलद असतो, आपल्या मापाने मोजायला लावलं तर ती गुदमरतात.

श्वास बदलायचाच नाही, फक्त बघायचा, अशीही एक पद्धत आहे आणि महाराष्ट्रात तीही बरीच पसरली आहे. म्यानमारमधल्या मंडाले इथे 1924 मध्ये जन्मलेले विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये भारतात आले. इगतपुरीला 1976 मध्ये त्यांचं धम्मगिरी हे केंद्र उभं राहिलं. तिथली मोठ्यांची विपश्यनेची शिबिरं दहा दिवसांची असतात, पण मुलांसाठी तिची पहिली पायरी तेवढी वेगळी काढली आहे, ती आनापान. नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, सोबत कुठलं नाव घ्यायचं नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासासोबत ‘मित्र उपक्रम’ या नावाने हे शाळांमध्ये नेलं, दहा-दहा मिनिटांच्या सरावाने. दिल्ली सरकारने 2018 मध्ये नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपीनेस’ अभ्यासक्रम आणला. त्याच्याही तासाची सुरुवात काही मिनिटं शांत बसून आजूबाजूचे आवाज ऐकण्याने, श्वास पाहण्याने होत असे. असा उपक्रम आपल्या मुलाच्या शाळेत असेल तर एकच प्रश्न विचारा. त्या दहा मिनिटांत शिक्षक स्वतः बसतात, की वर्गभर फिरत ‘डोळे मीट रे’ करतात? दुसऱ्या प्रकारात लक्ष्मीराम मास्तरांची दारं-खिडक्या बंद केलेली खोली परत अवतरते.

घराचा फायदा असा की घरात तास लागत नाही. कबाट-झिन यांच्या वर्गातला एक प्रसिद्ध धडा फक्त एका बेदाण्यावर चालतो. तो हातात घ्यायचा, सुरकुत्या बघायच्या, कानाशी धरून चुरगाळल्याचा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, आणि मग कुठे दात लावायचा. तासगावच्या बेदाण्याची पिशवी ज्यांच्या फडताळात असते त्यांनी करून बघावं, मजा येते. पण रोज रोज बेदाण्याकडे टक लावून बसणारं कुटुंब मला अजून भेटायचंय.

आमच्याकडे चाललं ते मटार सोलणं. डिसेंबरात मटार स्वस्त झाले की दोन किलो येतात, वर्तमानपत्र पसरलं जातं आणि मुलगी समोर बसते. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबला की ‘टक’ असा आवाज होतो. कोवळ्या शेंगेचा वेगळा, निबर शेंगेचा वेगळा. एखादीत अळी निघते, त्यावर दोन मिनिटं आरडाओरडा. एकदा आम्ही नियम केला. सोलता सोलता मन दुसरीकडे गेल्याचं जिला कळेल, तिने एक रिकामं टरफल वेगळ्या वाटीत टाकायचं. रागवायचं नाही, सारवासारव करायची नाही. टरफल टाकायचं आणि पुढची शेंग घ्यायची. मुलीचं पहिलं टरफल लगेच पडलं. ‘कुठं गेली होतीस?’ ‘शाळेत. अन्वीच्या नव्या बाटलीत.’ ‘आलीस परत?’ ‘आले.’ अर्ध्या तासाने वाट्या मोजल्या. तिची नऊ टरफलं, माझी चौदा. मी हिशेब, विजेचं बिल, सासूबाईंचं औषध आणि कुणीतरी तीन वर्षांपूर्वी बोललेलं एक वाक्य असं सगळं फिरून आले होते.

मोठ्यांचं हे असंच असतं. 2010 मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी 2,250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. टरफलाच्या वाटीने माझ्या मुलीला जे कळलं ते कुठल्या व्याख्येने कळलं नसतं. मन जातं, आईचंही जातं, आणि गेल्याचं कळणं ही चूक नाही, उलट त्याचा एक गुण मिळतो.

दुसरा खेळ देवघरातला. घंटा एकदाच वाजवायची आणि नाद पूर्ण विरला असं वाटलं की हात वर करायचा. पितळेची जड घंटा असेल तर नाद बराच वेळ रेंगाळतो. मुलांचा हात मोठ्यांनंतर वर जातो, कारण वय वाढतं तसे उंच पट्टीतले आवाज आपल्या कानातून निसटत जातात. आजोबांना हरवता येतं म्हणून हा खेळ नातवंडांना फार आवडतो. शेवटी शेवटी तो बारीक, आहे की नाही असा नाद ऐकताना मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्या क्षणी त्याला कुणी ‘लक्ष दे’ म्हणायची गरज नसते.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम शब्दांचं आहे. ‘काय झालं, राग आलाय का?’ या एका प्रश्नात आपण मुलाच्या सगळ्या भावना कोंबतो. मराठीकडे याबाबतीत केवढी श्रीमंती आहे! मूल रुसतं, फुरंगटतं, हिरमुसतं, खट्टू होतं, वैतागतं, ओशाळतं. त्याला हुरहूर लागते, धास्ती वाटते, धाकधूक होते, कसनुसं होतं. यातलं एकही दुसऱ्यासारखं नाही. रुसलेल्याला कुणी मनवायला यावं असं वाटत असतं, तो दाराआडून बघतही असतो. हिरमुसलेलं मूल कुणाची वाट बघत नाही, त्याचं ते आतल्या आत विझलेलं असतं. दोघांना एकच औषध दिलं तर कसं चालेल? कॅलिफोर्नियातले मॅथ्यू लिबरमन आणि सहकारी यांनी 2007 मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं की चेहऱ्यावरच्या भावनेला माणूस नाव देतो तेव्हा अमिग्डाला या भीती-रागाच्या घंटेची खणखण कमी होते. तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता, पण रडणाऱ्या मुलाला नेमका शब्द सापडल्यावर त्याचे खांदे कसे उतरतात, हे कुठल्याही आजीने पाहिलेलं असतं.

मुलं शब्दांची वाट बघत बसतही नाहीत. गॅदरिंगच्या आदल्या रात्री आमची मुलगी म्हणाली, ‘पोटात मिक्सर लागलाय.’ मी विचारलं, ‘कितीवर आहे?’ ‘तीनवर.’ घाबरू नकोस, मस्त होईल, वगैरे काही म्हणाले नाही. म्हटलं, याला धाकधूक म्हणतात, हात ठेव पोटावर आणि बघ किती वेळ फिरतो ते. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला, ‘दोनवर आलाय.’ मग झोपली. आता आमच्या घरात बाबांचाही मिक्सर असतो, महिनाअखेरीला.

काही पथ्यं थोडक्यात सांगते. डोळे मिटायची सक्ती नको. मोठ्या धक्क्यातून गेलेल्या मुलाला मिटल्या डोळ्यांआड भीतीच दिसू शकते, त्याला खिडकीबाहेर बघू दे. हा सराव शिक्षा म्हणून तर मुळीच वापरू नये. ‘जा, कोपऱ्यात बसून श्वास घे’ असं एकदा म्हटलं की श्वास आणि कोपरा यांची गाठ कायमची बसते. आणि मूल सतत उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा चंचलतेने त्याची शाळाच अडली असेल, तर मटार आणि घंटा यांवर भिस्त ठेवू नये. बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

पालकांच्या बैठकीत हा विषय निघाला की हमखास कुणीतरी विचारतं, ‘पण केल्यावर द्यायचं काय? स्टिकर? चॉकलेट?’ माँटेसरींनाही हेच वाटलं होतं. शांततेच्या खेळात मुलांना इतका वेळ थांबावं लागतं, तर आपल्यापर्यंत येणाऱ्याला बक्षीस म्हणून गोड खाऊ द्यावा, असं त्यांनी ठरवलं. ती मुलं गरीब वस्तीतली होती, असा खाऊ त्यांना रोज मिळत नसणार. तरी त्यांनी तो घेतला नाही. तेव्हा खाऊ आणू नका. आज संध्याकाळी टीव्ही बंद करा, आपला फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घंटा एकदा वाजवा आणि मुलाचा हात कधी वर जातो ते बघा.